घराचा चार्ज

सेक्टर ४, आर. के. पुरम, नवी दिल्ली
११ ऑगस्ट २०२५

ती. स्व. ताईस,
गुणवंताचे सा. न. वि. वि.

पाकीट बघून तुला वाटेल, नोएडा इथून पंचवीस किलोमीटर, मेट्रो आहे, फोन आहे, मग याला स्पीड पोस्ट कुठून सुचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि कानाचं यंत्र तू कपाटात विश्रांतीला ठेवलं आहेस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर निखिल ते तुला मोठ्याने वाचून दाखवतो, आणि हा मजकूर तुझ्या मुलाने स्वयंपाकघरात उभं राहून ओरडून वाचावा असा नाही. शिवाय मला हल्ली बोलणं जमत नाही. लिहिणं अजून जमतं. छत्तीस वर्षं सरकारी फाइलींवर नोटिंग केल्याचा तेवढाच फायदा.

तर विषय असा की मला डिप्रेशन झालं आहे. गेल्या मंगळवारी सरकारी हॉस्पिटलात दाखवलं. लतिका सोबत होती. एप्रिलपासून सात किलो वजन उतरलं, पहाटे चारला जाग येते, आणि ऑफिसात एकच फाइल तीनदा वाचली तरी ती कशाबद्दल आहे ते कळत नाही. पहिले दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या सेक्शनमध्ये हे आजाराचं लक्षण समजत नाहीत. शेवटी माझ्या खोलीत बसणारा सुधन्वा एकदा दार लावून आला आणि म्हणाला की त्याला तीन वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं. त्यानेच नंबर लावून दिला.

डॉक्टरबाई तरुण आहेत, पण स्पष्ट बोलतात. गोळी लिहून दिली, ती असर करायला तीन-चार आठवडे घेईल म्हणाल्या. मग म्हणाल्या, सोबत टॉक थेरपीही घ्या, बोलून करायचे उपचार, पुष्कळ प्रकारचे असतात, देख लीजिए.

आता तुला ठाऊक आहे, आमच्याकडे वरून 'देख लीजिए' आलं की काय करायचं असतं. विषयाची सर्व बाजूंनी छाननी करायची, पर्याय मांडायचे आणि शिफारशीसह फाइल सादर करायची. मी त्याच संध्याकाळी फाइल उघडली. विषय: बोलण्याच्या उपचारांपैकी योग्य प्रकाराची निवड करण्याबाबत. टॅग लावला, पानांवर नंबर घातले. एप्रिलनंतर पहिल्यांदाच एक काम पूर्ण केल्यासारखं वाटलं.

बाकी ठीक. लतिका पोळीला जास्तीचं तूप लावते आणि समोर बसून ते पोटात गेलं की नाही ते बघते. अवनीला बंगलोरला अजून कळवलेलं नाही. पोरगी नोकरीत नवी आहे, तिला कशाला. ३० एप्रिलला रिटायरमेंट, म्हणजे अजून आठ महिने. रिटायर झाल्यावर बाबा चौदा महिनेच राहिले, हे उगाच आठवलं म्हणून लिहितो.

लोभ आहेच. उत्तराला उशीर झाला तरी तो वाढता ठेवावा, ही विनंती.

तुझा
गुणवंत


सेक्टर ५१, नोएडा
१५ ऑगस्ट २०२५

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद.

वाईट वाटलं. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढच्या चेष्टेत राहून जाईल. तुझं पत्र मी गॅलरीत बसून वाचलं, निखिलला दाखवलं नाही. खाली सोसायटीत झेंडावंदनानंतर अडीच तास भाषणं चालली होती. यंत्र न लावल्याचे फायदेही असतात.

अरे, फाइल कसली उघडतोस? डॉक्टरबाईंनी तुला बघून ये म्हटलं, कमिशन नेमायला नाही सांगितलं. तेहतीस वर्षं गणित शिकवलं मी. परीक्षेला एक जात असायची पोरांची, की हे समीकरण कुठल्या पद्धतीने सोडवावं याचा विचार करण्यातच ज्यांचा तास संपायचा. पेपर कोरा. मी सांगायचे, बाबांनो, कुठल्याही रीतीने सुरुवात करा, नाही सुटलं तर खोडा आणि दुसरी रीत घ्या. कोऱ्या पानाला मी मार्क देऊ शकत नाही. तू त्या जातीचा आहेस हे मला तू पाचवीत असल्यापासून माहीत आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती आजवर कोणालाही सांगितलेली नाही. तुझे भाऊजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी पाच महिने मी एका बाईंकडे जात होते. हेच बोलण्याचे उपचार. निखिलला सांगितलं होतं की भजनी मंडळात नाव घातलंय. त्याने एकदा एक अभंग म्हणून दाखव म्हटलं तेव्हा माझी पंचाईत झाली होती. त्या बाईंची पद्धत कुठली, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. दर गुरुवारी जायचे आणि रडायचे. मग एका गुरुवारी रडूच आलं नाही, तेव्हा आम्हा दोघींनाही जरा चुकल्यासारखं झालं.

तेव्हा लाजायचं काही कारण नाही, आणि लांबवायचंही नाही. सुधन्वाला विचार, नेटवर बघ, पण जाऊन बस कुणासमोर तरी. आणि बाबांचं उगाच आठवलं असं लिहितोस, ते उगाच नसतं. लतिकाला सांगितलंस का ते?

तूप खात जा. माझे आशीर्वाद आहेत, ते फाइलीला लावू नकोस.

ताई


आर. के. पुरम
२० सप्टेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
गुणवंताचे सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मधल्या काळात चार ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली. तुलनात्मक तक्ता अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे म्हणून जोडलेला नाही. सारांश देतो.

पहिलं ठिकाण तुमच्या नोएडातच. पद्धत सीबीटी. मनात आलेले विचार कागदावर रकान्यांत मांडायचे: काय घडलं, मनात काय आलं, ते कितपत खरं, दुसरं काय असू शकतं. रकाने पाहून मला माहेरी आल्यासारखं झालं. आठवडाभर सगळे तक्ते भरले, एकमेकांचे संदर्भही दिले. तिथले तज्ज्ञ म्हणाले, इतके नीट भरलेले कागद त्यांनी कधी पाहिले नव्हते. परतताना मेट्रोत लक्षात आलं की त्यात खोटं काही नव्हतं, पण मीही त्यात कुठे नव्हतो. सुधन्वाला याच पद्धतीने बरं वाटलं, म्हणून दोष पद्धतीला देता येत नाही.

दुसरे एक वयस्कर गृहस्थ. त्यांचा भर लहानपणावर. जुन्या गोष्टी आजही मनात कशा काम करतात ते हळूहळू उलगडायचं, त्याला वर्षही लागू शकतं. त्यांनी वडिलांबद्दल विचारलं. मी म्हटलं, सज्जन होते, केंद्र सरकारात होते. त्यानंतर आम्ही दोघंही गप्प बसलो. ते सभ्य, मीही सभ्य. पन्नास मिनिटांनी त्यांनी पुढची वेळ दिली.

तिसरा प्रकार गटाचा. शनिवारी एका हॉलमध्ये नऊ जण गोल बसतात आणि आपापलं सांगतात. मी सवयीने वही काढली. पुढच्या शनिवारी इतिवृत्ताच्या नऊ प्रती घेऊन गेलो, प्रत्येक मुद्द्यापुढे 'कारवाई कोणी करावी' असा रकाना होता. संयोजिकाबाईंनी सगळ्या प्रती गोळा करून फाडल्या. इथलं बोलणं इथेच राहिलं पाहिजे असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. माझ्या वाचनात आला नव्हता. एका गृहस्थांनी मात्र फाडण्याआधी आपल्या मुद्द्यात दुरुस्ती सुचवली.

चौथं ठिकाण मुनिरका. हे सगळ्यात अडचणीचं. विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांमधून तीन मजले चढून जायचं, जिना अंधारा, पायऱ्या उंच, खुर्ची प्लास्टिकची, शेजारच्या बिल्डिंगमध्ये ड्रिल चालू. स्वरूपा नावाची मुलगी आहे, वय एकतीस, अनुभव चार वर्षं. पद्धतीचं नाव इंटरपर्सनल. आयुष्यात एखादा मोठा बदल होतो, कोणी जातं, कोणाशी बिनसतं, पद सुटतं, त्यातून मन बसतं, तर त्या बदलाबद्दल आणि आपल्या माणसांबद्दल बोलायचं. आठवड्याला एक बैठक, अशा बारा ते सोळा. शेवटची तारीख आधीच ठरते, हे मला आवडलं. मुलगी आपल्यातली, पण जन्म इथला. मला बघून म्हणाली की काका, तुम्ही बिल्कुल थकून गेलेले दिसता. आजाराचं काही विचारलंच नाही. १ मेच्या सकाळी तुम्ही ऑफिसला नाही गेलात तर ते कोणाकोणाला कळेल, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दारावरची पाटी बदलणाऱ्याला. ती हसली नाही. मग मी काय काय सांगत सुटलो. चहाला चव लागत नाही. बाबा रिटायर झाल्यावर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे, आणि मी ऑफिसला जाताना त्यांच्याकडे न बघता निघायचो. हे लतिकाला कधी सांगितलेलं नाही. चाळीस मिनिटं बोललो. उतरताना जिना लागलाच नाही.

गुणानुक्रमात ती चौथी आली. अनुभवाची अट मी दहा वर्षं ठेवली होती, तिथेच ती बाद होते. शिवाय जिना. शिवाय ड्रिल. निकष एकदा ठरल्यावर बदलता येत नाहीत, नाहीतर निवडीवर आक्षेप येतो. छाननी चालू आहे.

तुझे गुरुवार वाचले. तू कोणाला काही दाखवलं नाहीस. तुझा लोभ असाच वाढत राहावा.

तुझा
गुणवंत


सेक्टर ५१, नोएडा
२५ सप्टेंबर २०२५

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद.

मी पट्टी घेऊन बसले आणि तुझ्या पत्रातल्या ओळी मोजल्या. नोएडाच्या तज्ज्ञांना आठ, सभ्य गृहस्थांना पाच, गटाला सात. मुनिरकाच्या मुलीला एकवीस. हा रकाना तुझ्या तक्त्यात आहे का? नसेल तर आखून घे आणि पुन्हा गुण दे.

आक्षेप कोण घेणार आहे रे? हे काय टेंडर आहे? ज्या पोरीसमोर तू बाबांच्या शर्टाचा विषय काढलास, तिच्याकडे जा. बाबांचं ते गॅलरीत बसणं मलाही आठवतं, आणि मीही माहेरपणाला आले की स्वयंपाकघरातच घुसून राहायचे. आपण दोघं एकाच शाळेतले.

भाऊबीजेला येशील तेव्हा काय ठरवलंस ते तोंडी सांग. त्या दिवशी यंत्र लावून बसेन, शब्द देते. तुझ्या आवडीच्या ओल्या नारळाच्या करंज्या करते आहे. आशीर्वाद.

ताई


आर. के. पुरम
२७ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. ताईस,
गुणवंताचे सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलो नाही. निघालो होतो, स्टेशनपर्यंत आलो आणि परत फिरलो. कारण देण्यासारखं नाही. करंज्या निखिलला दे.

निवडीचा विषय प्रलंबित आहे. तक्ता लतिकाकडे अभिप्रायासाठी दिला होता, तिने 'तुम्हाला योग्य वाटेल ते' असा शेरा लिहून परत केला. अवनीला अखेर कळवलं, तर तिला ऑफिसातून जेमतेम वेळ मिळाला आणि तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. डॉक्टरबाईंची तेरा तारखेची वेळ दिवाळीच्या गर्दीत राहून गेली. आता त्या फाइलीची तशी घाई वाटत नाही.

दुसरं एक काम मात्र तडीस गेलं, ते सांगायला लिहितोय. घराचा चार्ज तयार केला. पानं सतरा, बाबी सत्तेचाळीस. कुठली किल्ली कशाची, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. गॅसचं पुस्तक, गिझरचं बटण कुठल्या बाजूला दाबायचं, विम्यावर वारस कोण, फॅमिली पेन्शनचा अर्ज कसा भरायचा, अवनीचे दाखले, नळवाल्या शांतारामचा नंबर, बँकेत कोणत्या साहेबांना भेटायचं. लतिकाकडे रीतसर सुपूर्द केला, प्रत्येक पानावर तिची सही घेतली. फार हलकं वाटतंय, ताई. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सलग सहा तास झोप लागली. कशाचं ओझं राहिलेलं नाही.

सोबतच्या खोक्यात बाबांचा काचेचा पेपरवेट पाठवत आहे, आत निळं फूल असलेला. तू सातवीत असताना त्याच्यावरून माझ्या हातावर फुटपट्टी मारली होतीस. हक्क तुझाच होता. कागदात नीट गुंडाळला आहे, फुटणार नाही.

तुझा लोभ पुरेसा मिळाला. आणखी काही मागणं नाही.

गुणवंत


मेट्रोत
२९ ऑक्टोबर २०२५, सकाळ

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकत नाही, घेऊन येते आहे. तुझं पाकीट आणि खोकं सकाळी मिळालं. बोटॅनिकल गार्डनला गाडी बदलली आणि मॅजेंटा लाइनमध्ये जागा मिळाली, म्हणून बसून लिहिते. अक्षर हललंय, ते गाडीमुळे आणि थोडं माझ्यामुळे. निखिलला लतिकाला फोन करायला सांगितलंय, की ताई येते आहे, तोवर तिने घराबाहेर जायचं नाही आणि तुलाही जाऊ द्यायचं नाही.

बाबांच्या चार बदल्या आपण पाहिल्या. दर वेळी ते घराची यादी करायचे. नळ किती, दिवे किती, कुठल्या खिडकीची काच तडकलेली. नवीन माणसाची सही घ्यायचे. आणि सही झाली की त्या घरात पाणीही प्यायचे नाहीत. आई एकदा म्हणाली की उद्या सकाळी निघू, तर त्यांनी सामान फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. चार्ज दिलेला माणूस थांबत नसतो, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि तूही.

तू चार्ज दिलास. रिटायरमेंट सहा महिने पुढे आहे. क्वार्टर सोडायला त्याहून पुढे वेळ आहे. मग तू जातोयस कुठे?

आणि आजपर्यंतच्या तुझ्या प्रत्येक पत्रात, होस्टेलवरून दोन ओळी खरडायचास तेव्हाही, लोभ वाढावा असं असायचं. या वेळी पुरेसा मिळाला म्हणतोस. दुकानात पुरे म्हणतात तसं.

म्हणून सरळ विचारते. गुणवंत, मरून जावं असं तुझ्या मनात येतं का? विचारल्याने ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही. माझ्या गुरुवारच्या बाईंनी मलाही असंच, याच शब्दांत विचारलं होतं. माझं उत्तर होय होतं. ते ऐकून त्या घाबरल्या नाहीत, म्हणून मी पुढच्या गुरुवारी गेले.

मी दारात हे पत्र तुझ्या हातात देणार आहे. तू बोलू नकोस, मला यंत्र लावूनही धड ऐकू येणार नाही, आज कानात नुसती धडधड आहे. खाली जागा सोडली आहे. लिही. होय किंवा नाही. टिपणी नको.

उत्तर काहीही असलं तरी मी चप्पल काढून आत येणार आहे, आणि आज दुपारी आपण तिघं त्या डॉक्टरबाईंकडे जाणार आहोत. माझा लोभ संपलेला नाही, तू नको म्हणालास तरी.

तुझी
ताई

(याच पानावर, खाली, गुणवंतच्या अक्षरात)

होय. ऑगस्टपासून. लतिकाला सांगता आलं नाही.
तू आत ये.


आर. के. पुरम
८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. ताईंना,
लतिकाचा सा. न. वि. वि.

तुम्ही मंगळवारी परत गेलात तेव्हापासून घर फार शांत झालंय. तुम्ही टीव्ही ज्या आवाजात लावता त्याची सवय झाली होती. मी कधी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

यांची तब्येत पूर्वीपेक्षा बरी म्हणवत नाही, पण बिघडलेली नाही. डॉक्टरबाईंनी गोळी बदलली आहे, दर आठवड्याला बोलावलंय. सगळी औषधं माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. फ्रिजवर हेल्पलाइनचा नंबर लावला आहे, आणि त्याच्या शेजारी तुमचा व निखिलचा. एकटं ठेवायचं नाही म्हणून सांगितलंय. अवनी चार दिवसांची सुट्टी काढून आली होती. बापाला खूप बोलली, मग त्यांच्याच खांद्यावर झोपून गेली.

गुरुवारी मुनिरकाला घेऊन गेले. फाइल बरोबर नेऊ दिली नाही. मी बाहेर जिन्यावर बसले होते, पोरांच्या बुटांच्या ढिगाजवळ. एक मुलगी वरून आली, मला पाणी आणून दिलं आणि काही न विचारता गेली. पन्नास मिनिटांनी हे बाहेर आले, डोळे लाल होते. म्हणाले, सोळा बैठकांच्या तारखा ठरल्या आहेत. डॉक्टरबाईही म्हणाल्या, चारही पद्धतींनी माणसं बरी होतात, पण त्यातली एखादी सुरू तरी व्हायला हवी ना.

ताई, मला एक सांगायचंय. मी सतरा पानांवर सह्या केल्या. मला वाटलं, रिटायरमेंटची तयारी. यांना अशा याद्यांची हौस, तीस वर्षं मी बघतेय, किराण्याच्या यादीवरही हे तारीख घालतात. चौदाव्या पानावर 'मी नसताना' असे शब्द होते. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत त्याच्यावर सही केली. यांचा राग येतो आणि माझाही येतो. तक्त्यावर मी 'तुम्हाला योग्य वाटेल ते' लिहिलं. मला लिहायला हवं होतं की मला तुम्ही हवे आहात, पद्धत कुठली का असेना.

हे यांना अजून सांगितलेलं नाही. स्वरूपा म्हणते, सांगा. बघते.

तुम्ही होतात म्हणून. पुढचं लिहवत नाही. येत जा, टीव्ही कितीही मोठा लावा.

तुमची
लतिका


आर. के. पुरम
१५ डिसेंबर २०२५

ती. स्व. ताईस,
गुणवंताचे सा. न. वि. वि.

सहा बैठका झाल्या. सहाव्यानंतर आढावा घ्यायचा असं स्वरूपाने आधीच ठरवून ठेवलं होतं. काही फरक नसेल तर काका, पद्धत बदलू, माणूस बदलू, मला वाईट वाटणार नाही, असं म्हणाली. मी इतका सरळ आढावा सरकारात पाहिलेला नाही. फरक आहे, असं मी सांगितलं. किती, ते मोजता आलं नाही. पहाटे चारला जाग अजून आठवड्यातून तीनदा येते, पूर्वी सातही दिवस यायची. तो विचारही येतो, पण आला की मी लतिकाला सांगतो, असं ठरलं आहे. ती उठून दिवा लावते आणि आम्ही बसतो.

तिने चौथ्या बैठकीला चार्जची यादी आणायला सांगितली. मला वाटलं, फाडणार. फाडली नाही. एकेक बाब वाचायला लावली आणि दर बाबीला विचारलं की हे काकूंना आधी माहीत होतं का. सत्तेचाळीसपैकी अडतीस गोष्टी लतिकाला माझ्याआधीपासून माहीत होत्या. गिझरचं बटण तर तिनेच मला शिकवलं होतं. शांताराम तिच्या ओळखीचा. मग स्वरूपाने विचारलं, आणि तिला जे माहीत नाही, ते यात कुठल्या पानावर आहे? ते कुठल्याच पानावर नव्हतं, ताई. बाबांचा शर्ट नव्हता. रिटायर झाल्यावर मीही तसाच गॅलरीत बसेन आणि लतिका माझ्याकडे न बघता कामाला लागेल, ही भीती नव्हती.

ते मी घरी येऊन तिला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि मग तिने मला शिट्ट्यांचं सांगितलं. त्या दिवशी भेंडी राहिली, ब्रेड खाल्ला.

२ डिसेंबरला सकाळी चहात आलं जास्त झालं होतं. मी तसं म्हटलं, तर ती रडायलाच लागली. आलं तिने रोजच तेवढं घातलं होतं.

इतिवृत्त ठेवायला मला बंदी आहे, म्हणून बाकीचं सांगत नाही. तक्ता सुधन्वाला दिला. त्याच्या मेहुण्याला गरज आहे, आणि मुनिरकाच्या नावापुढे मी जिन्याची सूचना खोडलेली नाही. तुझ्या एकवीस ओळींचा रकाना वाढवून दिला आहे.

सोबत एक कागद जोडला आहे. मूळ प्रत घरी ठेवली, ही तुझी.

लोभ आहे तो वाढावा, ही विनंती. ती पुन्हा करत आहे, याची नोंद घ्यावी.

तुझा
गुणवंत

(सोबतचा कागद)

कार्यभार अहवाल

मी, गुणवंत, लतिकाकडे सुपूर्द केलेला घराचा कार्यभार, पानं सतरा, बाबी सत्तेचाळीस, आज दिनांक १५ डिसेंबर २०२५ रोजी पूर्वाह्नी परत स्वीकारला आहे. पुढील आदेश होईपर्यंत तो माझ्याकडे राहील.

कार्यभार स्वीकारणार: गुणवंत
कार्यभार देणार: लतिका (वाचून सही केली)


सेक्टर ५१, नोएडा
१८ डिसेंबर २०२५

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या बाकीच्या पत्रांच्या डब्यात ठेवलं, अहवाल फ्रिजवर लावला. निखिलने तो मोठ्याने वाचला, मी वाचू दिला. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा त्याचा आवाज नीट निघेना, तर मला म्हणतो, आई, यंत्राची बॅटरी गेली असेल तुझ्या.

मसुदा चांगला आहे, एक शेरा. पुढील आदेश होईपर्यंत असं तू लिहिलंयस. या घराण्यात आता आदेश काढण्याएवढी मोठी मी एकटीच उरले आहे, आणि मी असला कुठलाही आदेश काढणार नाही. तेव्हा ते वाक्य तसंच राहू दे.

रविवारी लतिकाला घेऊन ये. आपली भाऊबीज राहिली आहे, ती मी डिसेंबरातही करणार. धुकं फार असेल तर उशिरा निघा, पण स्टेशनवरून परत फिरू नकोस. यंत्र लावून बसेन. हळू बोललास तरी चालेल, पण तू बोलायचंस.

जाताना पेपरवेट घेऊन जा. माझ्याकडे त्याच्याखाली ठेवायला कागद नाहीत, आणि तुझी अजून दहा बैठकांची फाइल व्हायची आहे.

ताई